घरामागच्या तीन गुंठ्यांत घरातल्या सगळ्यांनी मिळून भाजी-फळं पिकवणं खरंच जमतं का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की चिपळूणजवळ नवं घर बांधलंय, मागे तीन गुंठे जागा आहे, विहिरीचं पाणी एप्रिलनंतर तळाला जातं, आणि घरात आजेसासूबाईंपासून तिसरीतल्या मुलापर्यंत सगळ्यांना उत्साह आहे. पण दोन महिन्यांत सगळं एकाच्याच अंगावर पडेल अशी तुम्हाला धास्ती आहे. ही धास्ती रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आम्ही दापोली तालुक्यात राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून घरामागचं परसू सांभाळतो. माझं ठाम मत आहे की कामं वाटू नका, झाडं वाटा. 'तू पाणी घाल, तू तण काढ, तू शेण आण' अशी वाटणी केली की ज्याच्या वाट्याला तण येतं तो पहिल्या पावसातच गळतो, आणि मुलांना तर पाणी घालण्यापलीकडे कधीच काही मिळत नाही. त्यापेक्षा एकेकाला एकेक वाफा किंवा एकेक वेल पूर्ण द्यावा. बी कुठलं घ्यायचं, कधी पेरायचं, मांडवावर कसा चढवायचा, पहिलं फळ कधी तोडायचं आणि कोणाला द्यायचं, हे सगळं त्याचं त्यानं ठरवायचं. आमच्याकडे पडवळ आणि दोडका नवऱ्याचा, काकडी धाकट्याची, भोपळा थोरलीचा, पालेभाज्या आणि मिरच्या माझ्या, वाल आणि सगळं बियाणं आईंचं (सासूबाईंचं), आणि फळझाडं बाबांची. दुसऱ्याच्या वेलावरचं विचारल्याशिवाय तोडायचं नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू आहे. धाकट्याला न विचारता काकडी तोडली तर आजोबांनाही जाब द्यावा लागतो.

आता जमिनीचं. नवं घर आहे म्हणजे मागच्या जागेत राडारोडा, वाळू आणि सिमेंट कालवल्याच्या खुणा असणारच. तो थर आधी खरवडून काढा. त्याखाली लाल माती किती आहे ते पहारीने ठिकठिकाणी बघा. आपल्याकडे हातभर खाली जांभा लागणं काही नवल नाही. तसं असेल तर बांधकामातले उरलेले चिरे कडेने लावून वर वाफे उचलून घ्या आणि त्यात माती, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा भरा. आंब्या-फणसाचा पाला जाळू नका. तो वाफ्यावर पसरला की ओल टिकते, फक्त एप्रिल-मेमध्ये कोरडा पाला झाडाच्या बुंध्याला चिकटून ठेवू नये, वाळवी धरते.

वाफ्याचा आकार ऋतूप्रमाणे बदलावा लागतो, ही गोष्ट घाटावरून आलेल्या लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. पावसाळ्यात गादीवाफा हवा, कडेने चर हवा, नाहीतर मुळं कुजतात. दिवाळीनंतर तोच वाफा सपाट करून कडेला बांध घालायचा, म्हणजे दिलेलं पाणी आतच राहतं.

फळझाडांच्या बाबतीत उत्साह आवरा. हापूसचं कलम पूर्ण वाढलं की त्याला दहा मीटर बाय दहा मीटर जागा लागते, म्हणजे एक गुंठा. चिकूचंही तेच. तुमच्याकडे तीन गुंठे आहेत. दोन आंबे आणि एक चिकू लावलात की दहा वर्षांनी खाली भाजीला ऊन उरणार नाही. मोठं झाड लावायचंच तर एक लावा, तेही उत्तरेच्या हद्दीला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला पडते, आणि नेमका तोच आपला पालेभाजीचा हंगाम. बाकी लिंबू, पेरूचं कलम, कढीपत्ता, शेवगा, दोन-चार केळी, दोन पपया, आणि कुंपणाच्या कडेने अननस, एवढं घराला पुष्कळ होतं. रातांबा (कोकमाचं झाड) लावायचा असेल तर बियांपासून झालेलं रोप घेऊ नका. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि सात-आठ वर्षं वाढवल्यावर झाड नर निघालं तर एक कोकम मिळत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण अमृता'सारख्या जातीचं कलम घ्या.

न्हाणीचं आणि भांडी घासायचं पाणी कुठे जातं ते बघा आणि केळी-अळू तिथेच लावा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी परसात जवळजवळ देतच नाही, तरी केळी हिरव्यागार असतात. कच्च्या खायच्या भाज्यांना मात्र हे पाणी घालू नये. उन्हाळ्यात परसू आखडतंच. थोड्या मिरच्या, कढीपत्ता, केळी, अळू, बस्स. बाकीची भाजी बाजारातून आणायची, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं पोकळ बाजू वर करून पुरली तर ओल बरेच दिवस राहते.

खरी मजा पावसाळी वेलांची. मे महिन्यात मांडव उभा करून ठेवायचा. मेसकाठ्यांचे खांब, वर माणग्याच्या काठ्या (मेस आणि माणगा हे दोन्ही बांबूच), बांधायला सुंभ, आणि माणूस न वाकता खालून जाईल एवढी उंची. मृगाच्या पहिल्या पावसावर, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, बी टोकायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आपल्या पावसाला चांगल्या टिकतात: दोडक्याची 'कोकण हरिता', पडवळाची 'कोकण श्वेता', कारल्याची 'कोकण तारा', चवळीची 'कोकण सदाबहार'. काकडीचं बी मात्र शेजारीपाजारी मागा. गावातलं तवसं (मोठी पावसाळी काकडी) ज्या चवीचं असतं ते पाकिटात मिळत नाही.

मुलांना वेल द्या असं मी म्हणते त्याचं कारण फुलांत आहे. भोपळ्याला आधी नुसती नर फुलं येतात, आणि घरातले मोठे 'वेल वांझ निघाला' म्हणून मोकळे होतात. मुलांना सांगा, फुलाच्या मागे बघ. मादी फुलाच्या पाठीशी सुपारीएवढा भोपळा आधीच असतो. ही फुलं पहाटे उघडतात आणि उन्हं चढली की मिटतात. सतत पाऊस असला की मधमाश्या फिरकत नाहीत, आणि ते बारके भोपळे पिवळे पडून गळतात. तेव्हा सकाळी लवकर उठून नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून काढायच्या, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवायचा. थोरली हे शाळेत जायच्या आधी छत्री मानेत धरून करते, आणि त्या फळाच्या देठाला लोकरीचा धागा बांधते. तीन-चार दिवसांत धाग्याखालचं फळ फुगायला लागलं की ती घरभर सांगत सुटते. पडवळ आणि दोडका मात्र संध्याकाळी फुलतात. पडवळाचं पांढरं, झालरीसारखं फूल दिवेलागणीला बघायला मिळतं. पडवळ वेटोळं व्हायला लागलं तर टोकाला सुतळीने छोटा दगड बांधा, सरळ लांबतं. हे काम तुमच्या तिसरीतल्या मुलाला द्या, दगड निवडण्यात त्याची अख्खी संध्याकाळ जाईल.

वेलभाज्यांचा खरा शत्रू फळमाशी. काकडी, कारलं, दोडक्याला ती डंख मारून आत अंडी घालते, आणि फळ वाकडं होऊन सडतं. कामगंध सापळा (वासाने नर माशी ओढून पकडणारा) लावा, पण दुकानात नीट सांगून घ्या. आंबा-पेरूच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागतं, वेलभाज्यांच्या माशीला क्यू ल्यूर. एकाचा सापळा दुसऱ्याला चालत नाही. सापळ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे सडून पडलेलं प्रत्येक फळ रोज उचलणं. आतली अळी मातीत उतरून कोषात जाते आणि तिथून नवी माशी निघते. ती फळं कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा किंवा खोल पुरा. चवळीवर मावा आला तर सकाळच्या दवावर चुलीतली राख भुरभुरायची आणि फारच माखलेले शेंडे खुडून टाकायचे. एवढ्यावर आमचं भागतं.

दिवाळीनंतरचा हंगाम पालेभाज्यांचा. लाल माठ, मुळा, मेथी, कोथिंबीर. सगळा वाफा एकदम पेरू नका. आमच्या सहा माणसांच्या घरातही एकाच आठवड्यात तयार झालेला वाफाभर माठ संपत नाही. वाफ्याचे चार भाग करा आणि दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरत जा. माठाचं बी इतकं बारीक की मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेकलं तरच सारखं पडतं. धने रगडून दोन फाका करून पेरावेत. वाल नोव्हेंबरात, जमिनीत ओल असताना टोका, त्याला फार पाणी मागावं लागत नाही.

वानरांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण चिपळूण भागात ती येणारच. पपई, केळी, पेरू, काकडी, काही सोडत नाहीत. कुत्रा असला तर फरक पडतो. आमचा खरा आधार मात्र जमिनीखालचा आहे: हळद, आलं, सुरण, कोनफळ. सावलीतही येतात आणि वानरांच्या हाती सहसा लागत नाहीत. रानडुकरं येत असतील तर मात्र कुंपण मजबूत हवं, ती कंद उकरतात. फळांपैकी एखादा घड तरी वाचावा म्हणून केळफूल काढल्यावर घडाला जुनं पोतं गुंडाळतो.

आजेसासूबाईंना मांडवाखाली वाकायला लावू नका, त्यांना बियाणं द्या. हे काम मानाचं आहे आणि सगळ्यात जाणकारीचंही. कुठल्या वेलावरचं कुठलं फळ बियाला राखायचं, ते कधी उतरवायचं, राखेत किती दिवस घोळवायचं, हे त्यांच्या पिढीला तोंडपाठ असतं आणि लिहिलेलं कुठेच नसतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात जपलेल्या देशी वाणांतून बियाणे बँक उभी केली आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या घरातही ते ज्ञान बसलेलं आहे, मुलांना शेजारी बसवून लिहून घ्या. आमच्याकडे पडवीत खिळ्याला वही टांगलेली आहे. कोणी काय कधी पेरलं, कुठलं बी, पहिलं फळ कधी, एवढंच त्यात लिहायचं. दुसऱ्या वर्षी भांडण झालं की वहीच निवाडा करते. संकरित बियाणं मात्र राखून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ते तसंच येत नाही.

वर्षाला एक ठरलेला दिवस असावा, ज्यासाठी सगळेजण आपापलं पीक वेळेवर आणायला धडपडतील. आमच्याकडे तो ऋषिपंचमीचा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून ऋषीच्या भाजीला परसातलंच लागतं: अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, सुरण, मक्याची कणसं. भाद्रपदातली ही तारीख धरून जूनपासून मागे मोजत पेरलं की कोणाचं काय लागतं आणि काय राहिलंय ते आपोआप दिसतं. गणपतीला आलेले मुंबईचे चुलत दीर-जावाही त्या दिवशी विळी घेऊन बसतात, आणि पातेल्यात कोणाकोणाचं काय गेलं याची मोजदाद जेवण होईपर्यंत चालते.

दोन गोष्टी सुरक्षेच्या. पावसाळ्यात मुलांना अनवाणी चिखलात जाऊ देऊ नका. उंदरांमुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, म्हणून सगळ्यांना गमबूट घ्या. आणि मांडवाखालचं गवत कायम कापलेलं ठेवा. अंधार पडल्यावर तिथे बॅटरीशिवाय कोणी जायचं नाही, पडवळाची फुलं बघायलासुद्धा.

पहिल्या वर्षी तीनही गुंठे खणायला घेऊ नका. घराच्या मागच्या दाराला लागून अर्धा गुंठा भाजीला घ्या, म्हणजे फोडणी टाकता टाकता मिरची तोडता येईल आणि कीड पडलेली येता-जाता दिसेल. उरलेल्या जागेत पावसाआधी हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा फेका आणि फुलावर येताच मातीत गाडा. फळझाडांचे खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. कलमं जूनमध्ये आणा, शासकीय किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून, आणि घेताना जोड नीट भरलाय का आणि जोडाखालून फुटवे आलेत का, ते हातात धरून बघा.