जगभरात चहा पिण्याच्या रीती कोणत्या? परक्या देशात कुणाच्या घरी चहाला गेल्यावर काय चुकू शकतं?

प्यायचा कसा, हे समोरच्याकडे बघून कळतं. खरी पंचाईत होते ती थांबताना. ‘आता पुरे’ सांगायची खूण जागोजागी निराळी असते आणि ती ठाऊक नसेल तर चहावर चहा रिचवत बसावं लागतं. म्हणून मी त्याच टोकाकडून उत्तर देतो.

तिबेटी चहात मीठ आणि लोणी असतं. विटेसारख्या दाबलेल्या चहाचा काढा, लोणी आणि मीठ उंच लाकडी नळकांड्यात घालून घुसळतात. चहा म्हणून तोंडाला लावलात तर दचकाल. पातळ सूप समजून प्या, मग आवडेल. चार घोट घेतलेत की यजमान वाटी पुन्हा भरतो. त्यामुळे वाटी रिकामी करणं म्हणजे आणखी मागणंच. नको असेल तर भरलेली वाटी तशीच समोर राहू द्यायची आणि निघताना प्यायची.

कझाकांकडे याच्या अगदी उलट. वाटीत जेमतेम अर्धा चहा येतो. हा कंजूषपणा नव्हे. थोडा ओतला की पुन्हा पुन्हा ओतायला मिळतो, तोच मान. वाटी काठोकाठ भरून आली तर मात्र उठायची वेळ झाली असं समजा. चीनमध्येही मद्याचा पेला भरून द्यावा, चहाचा कप नाही, असं म्हणतात. मला यात व्यवहार जास्त दिसतो: कपाला कान नसतो, काठोकाठ भरला तर पाहुण्याची बोटं भाजतील. तिथे कुणी चहा ओतत असताना दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक केलं की आभार पोचतात, बोलणं तोडावं लागत नाही.

माझी सगळ्यात आवडती रीत मात्र जर्मनीच्या वायव्य टोकाच्या पूर्व फ्रिजलंडची. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा ठेवतात. त्यावर कडक गरम चहा पडला की खडा तडतडतो, आणि तो आवाज ऐकण्यासाठी सगळे क्षणभर गप्प होतात. मग कडेने साय सोडायची. ढवळायचं मात्र अजिबात नाही! पहिला घोट सायीचा, मधला कडू, तळाचा गोड. चमचा मग कशाला देतात? तो कपात उभा केला की ‘बास’. पण तीन कप व्हायच्या आत तसं केलंत तर यजमान खट्टू होतील. अठराव्या शतकात प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने या लोकांचा चहा बंद करायचा घाट घातला होता. चोरटा चहा येतच राहिला आणि राजालाच हात टेकावे लागले.

तुर्कस्तानात कंबर बारीक असलेल्या काचेच्या छोट्या पेल्यात बिनदुधाचा चहा येतो आणि तो संपला की न विचारता दुसरा येतो. तिथे चमचा पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवायचा.

मोरोक्कोत, सहाराच्या बाजूला तर फारच, पुदिन्याचा गोड हिरवा चहा तीन पेले घ्यायचा असतो. तिसऱ्याआधी उठणं बरं दिसत नाही. पेले लहान असतात, घाबरू नका. किटली हातभर उंच धरून ओततात, म्हणजे वर फेस येतो.

ब्रिटिशांकडे दूध आधी की चहा आधी, या वादात पडू नका.

आणि जपानी चहाविधीला बोलावणं आलं तर वाडगा हातात थोडा फिरवून घ्या, त्याची दर्शनी बाजू ओठांना लागू द्यायची नसते. पातळ माचाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या पेयाचा, शेवटचा घोट मात्र खुशाल सुर्रकन आवाज करून ओढा. संपला, हे यजमानाला त्यावरूनच कळतं. पुढे ‘आता आवरावं’ अशी विनंती मुख्य पाहुणा सगळ्यांच्या वतीने करतो, तेवढी जबाबदारी तुमच्यावर येणार नाही.