सरकारी शाळांना ४०,००० रुपये द्यायचे असतील तर एका ठिकाणी देऊ नका, सात-आठ ठिकाणी द्या

तुम्ही विचारलंय: वडील लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते, महापालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. त्यांच्या नावाने सोलापुरातल्या सरकारी शाळांना दरवर्षी ४०,००० रुपये द्यायचेत. एवढ्याशा पैशांत काही होतं का, की एखाद्या शाळेला सरळ मोठा टीव्ही घेऊन द्यावा?

टीव्ही नको. आणि ४०,००० म्हणजे ‘एवढेसे’ नाहीत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही पाच मैत्रिणींनी दरमहा थोडे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली. त्यातून एखाद्या शिक्षकाला त्याच्या मनातल्या उपक्रमासाठी ३,००० ते ८,००० रुपये देतो. आमची ना संस्था आहे ना लेटरहेड.

आधी शाळेचा हिशोब समजून घ्या. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. निकष असा, की पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, फुटलेली कौलं. प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी ५,००० आणि खेळासाठी ५,००० वेगळे असतात. प्रत्येक पैशाला हेड, म्हणजे खर्चाचं खातं, ठरलेलं. पण वस्तीतल्या मागवाल्याला, म्हणजे विणकराला, दोन दिवस शाळेत बोलवायचं, तर त्याची बुडालेली मजुरी कुठल्या हेडात टाकायची? मुलांना नान्नजच्या अभयारण्यात न्यायच्या गाडीचं भाडं कुठून द्यायचं? तिथे शिक्षक स्वतःच्या खिशात हात घालतो, नाहीतर विचार सोडून देतो. मी दोन्ही केलंय. तुमचे पैसे नेमके त्या जागी हवेत.

आमची पहिल्या वर्षीची चूक सांगते. एका शाळेला आम्ही १२,००० रुपयांची विज्ञानपेटी दिली. हार, नारळ, फोटो सगळं झालं. दीड वर्षाने गेले तर भिंगं कागदात गुंडाळलेली तशीच, पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. मुख्याध्यापकांचा दोष नव्हता. पेटी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढली होती. काही फुटलं तर बदलीच्या वेळी चार्ज देताना जबाब त्यांनाच द्यावा लागणार, मग मुलांच्या हातात देतील कशी? तेव्हापासून आमचा नियम झाला: शक्यतो संपणाऱ्या वस्तूंना पैसे द्यायचे. सूत, चुना, कागद, बिया, गाडीभाडं, कारागिराची मजुरी. वापरून संपलं म्हणजे मुलांच्या हाताला लागलं.

आता एक काम जवळून सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातली महापालिकेची मराठी शाळा, बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू. तिथल्या सहावीच्या बाईंनी ५,६०० रुपये मागितले: पाटीएवढ्या लाकडी चौकटी, खिळे, सूत, आलेखाचे कागद आणि एका पालकाची दोन दिवसांची मजुरी. पालक जेकॉर्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर काम करणारे. सोलापुरी चादरीवरचा मोर आधी आलेखाच्या कागदावर येतो, हे मलाही तोवर नीट माहीत नव्हतं. कागदावरचा एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा भेटतात ती जागा. चौकोन भरलेला असेल तर ताणा वर, मोकळा असेल तर खाली. त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि त्या भोकांप्रमाणे जेकॉर्ड धागे उचलतं. मुलांनी तेच चौकटीवर हाताने केलं.

एका मुलीने ४० बाय ४० चौकोनांत चिमणी काढली. कागदावर गुबगुबीत चिमणी, विणून झाली तेव्हा बगळ्यासारखी उंच. मुलीच्या डोळ्यांत पाणी. तिचं काय चुकलं ते त्या मागवाल्या दादांनी सांगितलं नाही. त्यांनी चौकटीवर पट्टी ठेवली आणि एका इंचात किती धागे ते मोजायला लावलं. ताण्याचे १२, बाण्याचे ९. पाच मिनिटं वर्गात नुसती कुजबुज. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, ओळी ४० नको, ३० पायजेत.” चिमणी पुन्हा काढली, ३० ओळींत, आणि ती कागदावरच्यासारखी गुबगुबीत उतरली. मी गुणोत्तर इतकी वर्षं फळ्यावर शिकवलं. असं शिकवता आलं असतं तर किती मुलं गणिताला घाबरायची थांबली असती, हे त्या दिवशी फार लागलं मनाला.

तिसऱ्या दिवशी कोणी न बोलावता घरी सुताच्या कांड्या भरणाऱ्या दोन आया शाळेत आल्या आणि मुलांना धागा न तोडता गाठ कशी मारायची ते दाखवून गेल्या.

सगळे उपक्रम इतके जमत नाहीत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात नेलेल्या मुलांना माळढोक पक्षी दिसला नाही, काळवीट पुष्कळ दिसले. माळढोक आता तिथे जवळजवळ उरलेलाच नाही, तो का उरला नाही हे मुलं गवतात बसून शिकली. एका शिक्षकाने ३,२०० रुपयांत पहिलीच्या मुलांसाठी घरच्या शब्दांची पुस्तिका काढली: पाणी, तेलुगूत नीळ्ळु, कन्नडमध्ये नीरु, शेजारी मुलांनीच काढलेला माठ. मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या सरकारी शाळा असलेल्या या गावात हे पुस्तक छापून मिळणं शक्य नव्हतं, ते शाळेतच व्हायला हवं होतं. एक बागेचा उपक्रम मात्र मे महिन्यात पाण्यावाचून वाळून गेला. तिथे सुटीत पाणी कोण घालणार हे आम्ही विचारायला हवं होतं, आता विचारतो.

पैसे देण्याची रीत. शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर कधीही टाकू नका, उद्या कोणी बोट दाखवलं तर त्यालाच त्रास. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर चेक द्या, समितीचा ठराव आणि पावती घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया, त्यामुळे गोष्ट चार घरांत कळते आणि मदतीला हात येतात. अर्ज एक पानी घ्या, हाताने लिहिलेला चालेल: मुलं काय करतील, काय काय लागेल आणि कितीचं, सोबत कोण असेल. ‘उद्दिष्टे व फलनिष्पत्ती’ मागू नका, तसले कागद शिक्षक रोज भरतात. कारागिराकडे पक्कं बिल नसतं, सहीचं व्हाउचर पुरतं. मुलांना रांगेत उभं करून फोटोही काढू नका, त्यांनी केलेली वस्तू बघायला जा.

वेळ मात्र पाळा. अर्ज जुलैत, पैसे गणपतीच्या आधी. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा, फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा, मग वार्षिक. तेव्हा दिलेला पैसा घाईत उडतो. वस्तूच द्यायच्या असतील तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळा आपल्या गरजा नोंदवतात, तिथे बघा. तिथे रोख पैसे देता येत नाहीत.

कोणी म्हणेल, शाळा बदलायला कोटी लागतात. २०२० मध्ये आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटली. पण हा पैसा नंतर आला. त्याआधी त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले होते.

सध्या माझ्यासमोर एक अर्ज पडलाय. उन्हाळ्यात सकाळची शाळा असली तरी दहानंतर वर्ग तापतात. शिक्षकांना एका खोलीच्या स्लॅबवर चुना मारायचा आहे, शेजारची खोली तशीच ठेवायची आहे, आणि दोन्ही खोल्यांतलं व कडुलिंबाखालचं तापमान मुलांनी दर तासाला लिहून काढायचं आहे. चुना, ब्रश, सहा थर्मामीटर, आलेखाचे कागद आणि शिडीचं भाडं मिळून ४,९०० रुपये. या वर्षीचे आमचे पैसे संपलेत. वडिलांच्या नावाने हा घेणार असाल तर इथेच कळवा, समितीच्या खात्याचा तपशील मुख्याध्यापकांकडून मिळवून देते.