अणुभट्टीतल्या इंधन सळ्यांची झीज आधीच कशी वर्तवतात?

तुम्ही विचारलंय की सळी जागेवर घट्ट बसवलेली असताना घासते कशी, आणि किती घासेल हे आधीच कसं काढतात. दाबित पाण्याच्या अणुभट्टीपुरतं सांगतो, म्हणजे जिथे गाभ्यातलं पाणी उकळू नये म्हणून प्रचंड दाबाखाली ठेवतात.

सळी घट्ट असते ती नवी असतानाच. जवळपास ४ मीटर लांब आणि ९.५ मिमी व्यासाच्या सळीला ठरावीक अंतरावरच्या जाळ्यांतल्या स्प्रिंगा आणि त्यांच्या समोरचे उंचवटे धरून ठेवतात. पुढे न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं स्प्रिंगचा ताण उतरतो, पाण्याच्या सुमारे १५५ बार दाबाखाली सळीचं आवरण, म्हणजे इंधनाभोवतीची झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी, हळूहळू आत दबतं आणि जाळीही किंचित वाढते. पकड जाते, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजावी लागेल एवढी फट पडते. मग वेगानं वर चढणाऱ्या पाण्यातल्या खळबळीनं सळी थरथरते आणि उंचवट्यावर घासू लागते.

गणिताचं मूळ सूत्र साधं आहे: झिजलेलं घनफळ = झीज गुणांक × घर्षणात दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा × काळ. झीज गुणांक म्हणजे खर्च झालेल्या दर एकक ऊर्जेमागे किती घनफळ झिजतं तो आकडा. ही ऊर्जा म्हणजे संपर्काचं बल गुणिले सरकलेलं अंतर. ती काढायला सळी म्हणजे अनेक आधारांवरची तुळई धरतात, प्रत्येक आधाराला फट देतात, प्रवाहाचा चढउतारी दाब लावतात आणि काळाच्या बारीक पायऱ्यांनी कंपन सोडवतात. फट असली की गणित सरळ रेषेत राहत नाही, म्हणून वारंवारतेच्या सोप्या पद्धती इथे तोकड्या पडतात.

एक उदाहरण करून बघा. शक्ती (म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी ती ऊर्जा) ०.०१ मिलिवॅट, गुणांक १०⁻¹³ प्रति पास्कल, काळ १८ महिने. घनफळ येतं ०.०४७ घन मिमी. सपाट उंचवटा सळीला ५ मिमी लांबीवर टेकत असेल, तर झिजेच्या चट्ट्याची खोली सुमारे १७ मायक्रॉन. शक्ती दहापट केली तर खोली दहापट होत नाही, ८१ मायक्रॉनच्या आसपास जाते, कारण गोल सळीवरचा चट्टा खोल होताना रुंदही होतो. आवरण सुमारे ०.५७ मिमी जाड असतं, त्याच्याशी हे ताडून बघा.

माझ्या मते सूत्र चुकत नाही, चुकतात त्यात घातलेले आकडे. गुणांक खोलीच्या तापमानाला मोजून चालत नाही. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, ऑटोक्लेव्हमध्ये (उच्च दाबाचं बंद भांडं), तोच मिश्रधातू आणि तोच संपर्काचा आकार घेऊन मोजावा लागतो. आवरणाच्या झिर्कोनियमवरचा ऑक्साइडचा कठीण थर टिकून असताना येणारा गुणांक थर फुटल्यावर लागू पडत नाही. फट तर सळीच्या वयानुसार बदलते आणि झिजेनं आणखी वाढते. म्हणून एकदाच गणित करून थांबू नका. थोडा काळ पुढे सरकवा, फट सुधारा, कंपन पुन्हा सोडवा.

सगळ्या सळ्या सारख्या झिजत नाहीत. तळाच्या जाळीजवळ आणि गाभ्याच्या कडेला जिथे पाणी आडवं घुसतं, त्या जागा आधी तपासा. बाहेर काढलेल्या सळ्यांवरचे चट्टे एडी करंटनं (धातूत भोवरी विद्युतप्रवाह निर्माण करून दोष शोधण्याची पद्धत) मोजून, जाळी आणि जागा यांनुसार तुमच्या अंदाजाशी लावून बघा. फरक एकाच जागी सतत दिसत असेल, तर गुणांकाला हात लावण्याआधी तिथला प्रवाह आणि फट तपासा.