सोफ्यासोबत गळ्यात पडलेला विमा: भांडावे का, आणि नेमके कशासाठी?

प्रश्न: गेल्या दसऱ्याला पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या फ्लॅटसाठी गंगापूर रोडवरच्या एका दुकानातून १,३०,००० रुपयांचा सोफा आणि पलंग २४ महिन्यांच्या हप्त्यांवर घेतला. ‘फर्निचरचा तीन वर्षांचा विमा आहे, ओलीपासून वाळवीपर्यंत सगळे कव्हर होते,’ असे सांगून विक्रेत्याने विम्याचे ८,८५० रुपये कर्जातच धरले. श्रावणात भिंतीला ओल आली आणि सोफ्याला बुरशी लागली. विमा कंपनीने ‘ओल आणि हळूहळू होणारे नुकसान पॉलिसीतून वगळलेले आहे’ असे कळवून दावा नाकारला. वकील १५,००० रुपये मागत आहेत. घरचे म्हणतात, एवढ्यासाठी कोर्टकचेरी नको. मी हप्ते थांबवावेत, वकील करावा, की विषय सोडून द्यावा? (एक वाचक, नाशिक)

ताई, तुमच्या तिन्ही पर्यायांपैकी एकही मी सुचवणार नाही. हप्ते चालू ठेवा, वकिलाला आत्ता पैसे देऊ नका, आणि विषयही सोडू नका. मात्र भांडण्याआधी आपण काय मागत आहोत हे पक्के ठरवा, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या मागण्या एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, सोफ्याच्या नुकसानीची भरपाई. दुसरी, चुकीची माहिती देऊन विकलेल्या विम्याचे पैसे परत. पहिली मागणी कमकुवत आहे. अशा पॉलिसी प्रामुख्याने अचानक पडलेला डाग, फाटणे, जळणे अशा अपघाती नुकसानीसाठी असतात आणि ओल वगळल्याचे तुमच्या पॉलिसीत लेखी आहे, त्यामुळे दावा नाकारणाऱ्या कंपनीच्या हाती कागद आहे. दुसऱ्या मागणीत मात्र तोच कागद तुमच्या बाजूने बोलतो, कारण जे विक्रेत्याने विकले ते पॉलिसीत नव्हतेच, हे त्याच कलमावरून सिद्ध होते. म्हणून माझा सल्ला असा की सोफ्याचा खर्च मनातून वजा करा आणि पूर्ण भर विम्याच्या रकमेवर द्या.

ही रक्कम ८,८५० दिसते, पण ती कर्जात धरल्यामुळे तिच्यावर व्याजही चालू आहे. तुमचा व्याजदर १४ टक्क्यांच्या आसपास असेल, तर या विम्यापोटी दरमहा सुमारे ४२५ रुपये आणि २४ महिन्यांत सुमारे १०,२०० रुपये जातील. १०,२०० रुपयांसाठी १५,००० रुपयांचा वकील करणे हिशेबात बसत नाही, आणि सुदैवाने पुढे सांगितलेल्या कोणत्याही पायरीवर वकील सक्तीचा नाही.

हप्ते थांबवण्याचा विचार मात्र पूर्णपणे काढून टाका. विम्याचा वाद तुमचा दुकानदाराशी आणि विमा कंपनीशी आहे. कर्जाचा करार वेगळा आहे. एक हप्ता चुकला तरी दंड लागतो आणि थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात जाते. पुढे गृहकर्जाचा दर ठरताना ती नोंद तुम्हाला या सगळ्या वादापेक्षा महाग पडू शकते. न्याय्य तक्रार असलेली माणसे रागाच्या भरात नेमके हेच करतात आणि स्वतःची बाजू कमकुवत करून बसतात, म्हणून इतके आग्रहाने लिहीत आहे.

आता तातडीचा मुद्दा. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार सर्वसाधारण विम्याची (जीवन विमा सोडून इतर विम्याची) किरकोळ, म्हणजे वैयक्तिक ग्राहकाने घेतलेली पॉलिसी त्याला केव्हाही, कारण न देता रद्द करता येते, आणि एकाहून अधिक वर्षांच्या पॉलिसीत ज्या वर्षांचे संरक्षण अद्याप सुरूच झालेले नाही, त्यांचा प्रीमियम परत करावा लागतो. तुमच्या पॉलिसीचे दुसरे वर्ष सुरू व्हायला थोडेच आठवडे उरले आहेत. हा दिवस दसऱ्याच्या तिथीने नव्हे, तर पॉलिसीवर छापलेल्या तारखेने मोजला जातो. ती तारीख आजच पाहून घ्या. ८,८५० मधील १८ टक्के जीएसटी वजा केला तर मूळ प्रीमियम ७,५०० येतो. तो तीन वर्षांत समान विभागलेला धरला, तर वेळेत पत्र गेल्यास सुमारे ५,००० रुपये वाद न घालताही मिळायला हवेत. उशीर झाला तर त्यातले २,५०० हातचे जातील.

म्हणून विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकच पत्र ईमेलने पाठवा आणि त्याची प्रत दुकानालाही द्या. चुकीच्या माहितीवर विक्री झाल्याने संपूर्ण ८,८५० रुपये आणि त्यावरील व्याज परत मिळावे, ही मुख्य मागणी पत्रात स्पष्ट लिहा. त्याच पत्रात, ‘माझे सर्व हक्क आणि ही तक्रार अबाधित ठेवून’ पॉलिसी आजच्या तारखेपासून रद्द करावी, असेही लिहा. हे शब्द गाळले, तर रद्द करण्याची विनंती म्हणजे तडजोड मान्य केली, असा अर्थ नंतर लावला जाऊ शकतो.

पत्राला वजन येते ते पुराव्याने. विक्रेत्याचे तोंडी बोलणे नाकारणे सोपे असते, पण त्याने पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश, माहितीपत्रकाचा फोटो, बिलावर विम्याची ओळ कशी लिहिली आहे, पॉलिसी तुमच्या हाती कधी आली, प्रस्ताव अर्जावर सही तुमची आहे की नुसता ओटीपी घेतला, या प्रत्येक गोष्टीचा उपयोग होतो. मूळ संदेश फोनमधून पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा धरू नका. पॉलिसीचे सार सोप्या भाषेत सांगणारे ग्राहक माहितीपत्रक कंपनीने द्यायचे असते. ते मिळाले नसेल तर तसे पत्रात नोंदवा. कर्ज देणाऱ्या कंपनीकडून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ही, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च दाखवणारा तक्ताही मागवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून दिलेल्या किरकोळ कर्जांत विम्यासारखी वसुली त्यात वेगळी दाखवावी लागते आणि तिची पावतीही द्यावी लागते. ती ओळ तिथे नसेल, तर तुमच्या संमतीचा प्रश्न आणखी गंभीर होतो आणि कर्ज कंपनीकडे स्वतंत्र तक्रार करता येते.

एक गोष्ट मात्र आधी तपासा: कागदावर एखाद्या विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा यूआयएन क्रमांक (विमा योजनेचा ओळख क्रमांक) आहे का? तुम्हाला नकार विमा कंपनीनेच कळवला असल्याने तो असावा. नसेल, तर ती दुकानाची स्वतःची ‘प्रोटेक्शन’ योजना ठरते. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल तिच्यात पडत नाहीत आणि थेट ग्राहक आयोगाकडे जावे लागते.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करा. नाशिक जिल्हा त्यांच्याच कक्षेत येतो. नकारापासून एक वर्षाची मुदत असते, शुल्क नाही, वकील चालत नाही. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. तो पटला नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. उलट क्रम मात्र चालत नाही. आयोगात प्रकरण दाखल झाले की लोकपाल ते घेत नाहीत. आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि स्वतः बाजू मांडता येते, पण तारखा पडतात आणि प्रत्येक तारखेला तुमची रजा जाऊ शकते. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. ती खरेदीच्या दिवसापासून मोजा, म्हणजे वादाला जागा राहणार नाही.

घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते आयोगाच्या टप्प्याला लागू पडते, पत्राच्या नाही. पत्र आणि लोकपाल यांत तुमचा वेळ आणि थोडी चिकाटी सोडली तर जवळपास काहीच खर्च होत नाही. कंपनीने मध्येच सहा-सात हजारांचा प्रस्ताव दिला, तर मी तुमच्या जागी तो लेखी घेऊन स्वीकारीन. फक्त ५,००० देऊन विषय मिटवू पाहत असेल तर स्वीकारणार नाही, कारण वेळेत रद्द केल्यावर तेवढे तर तसेही मिळायचे आहेत.