थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बसलाय, परत येईल का?

बऱ्याचदा येतो, पण वेळ लागतो. स्वरयंत्र हलवणारी नस थायरॉइडला अगदी चिकटून जाते. ऑपरेशनमध्ये ती नुसती ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत ते सहा-बारा महिन्यांत सावरते. तुटली असेल तर मात्र पूर्ववत होणं कठीण.

गंमत म्हणजे डावीकडची नस मेंदूकडून थेट गळ्यात येत नाही. ती छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि मग परत वर चढते. म्हणून ऑपरेशन न होताही आवाज बसला आणि तपासणीत ही नस काम करत नसल्याचं दिसलं, तर डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन सांगतात.

एका बाजूचा स्वरतंतू हलत नसेल तर दोन्ही नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते. 'आऽऽ' लांबवायला गेलं की दम संपतो, पाणी पिताना ठसका लागतो. कानघशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या, स्पीच थेरपी लवकर सुरू करा. कुजबुजत बोलू नका, त्यानेही घशावर ताण येतो. तोवर फारच अडत असेल तर स्वरतंतूत फिलरचं, म्हणजे तो फुगवणाऱ्या पदार्थाचं, इंजेक्शन देतात. वर्षभरात फरक नाही पडला तर थायरोप्लास्टी, म्हणजे न हलणारा स्वरतंतू मधोमध सरकवायचं ऑपरेशन.

श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर मात्र थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. दोन्ही बाजू अडकल्या असू शकतात.