सासूबाईंची पोथी सगळ्यांसाठी वाचता येईल का?

प्रश्न : माझ्या सासूबाई नव्वदीच्या आहेत. काचबिंदूमुळे त्यांना आता अक्षर दिसत नाही. श्रावणात त्या ‘पांडवप्रताप’ वाचायच्या. आता मी वाचते, त्या ऐकतात. भाचा म्हणतो, “मामी, हे रेकॉर्ड करून सगळ्यांसाठी नेटवर ठेव.” पण पोथी छापणाऱ्याची हरकत येईल का? शिवाय आमचं मराठी बडोद्याचं, चार पिढ्या गुजरातेत गेलेल्या. पुण्याचे लोक नावं ठेवतील, असं वाटतं.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, जरूर वाचा. हक्काचं आधी सांगते. ‘पांडवप्रताप’ रचणारे श्रीधरस्वामी १७२९ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांचं होतं, म्हणजे मूळ ओव्यांवर कोणाचाच हक्क नाही. मात्र हल्लीच्या छापील प्रतीत प्रस्तावना, अध्यायाचं सार, गद्य अर्थ असं काही नवं घातलेलं असतं. ते लिहिणाऱ्याचं आहे, ते वाचू नका. मुलांसाठी कोणी आजच्या भाषेत सांगितलेलं महाभारत असेल तर त्यालाही हात लावायचा नाही. कथा जुनी असली तरी ते शब्द नवे आहेत.

मी स्वतः लिब्रिव्हॉक्स या फुकट बोलक्या पुस्तकांच्या संकेतस्थळासाठी वाचते. २००५ साली मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅकग्वायर यांनी ते सुरू केलं. वाचणारे, तपासणारे सगळे स्वयंसेवक, कोणाला मानधन नाही, आणि भाषेचं बंधन नाही. तिथे अमेरिकेचा कायदा पाळतात, म्हणून प्रकाशनाला ९५ वर्षं होऊन गेलेली प्रत धरावी. जुन्या पोथ्यांची स्कॅन केलेली पानं इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर शोधा. मुखपृष्ठावर बहुधा शके असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. शके १८३२ म्हणजे १९१०.

आता वाचनाबद्दल, कारण खरं काम तिथे आहे. जुन्या छपाईत ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘नाहीं’ असे अनुस्वार सगळीकडे दिसतात. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते गेले. वाचताना त्यांचा उच्चार करू नका. नवखे वाचक इथेच अडखळतात आणि ओवी नाकात जाते. ओवीचे पहिले तीन चरण यमकात असतात, चौथा आखूड. त्या चौथ्या चरणावर आवाज उतरू द्या, मग श्वास घ्या. ओव्यांचे आकडे वाचायचे नाहीत. पेटी, टाळ नकोत. सासूबाईंसारख्या ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द सुटा कानावर यायला हवा. कौरवसभेचा प्रसंग आला तरी द्रौपदीसाठी वेगळा आवाज काढायची गरज नाही. श्रीधरांनी सगळं ओवीत घातलं आहे, आपण फक्त घाई करायची नाही.

बडोद्याच्या हेलाबद्दल तुम्ही बिचकता, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून इथे वाचनालयांचं जाळं उभं केलं, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या. त्या गावचं मराठी लपवायचं कशाला? लिब्रिव्हॉक्सवर हेल किंवा वाचनाची ढब यावर टीका करायची पद्धतच नाही. तपासणारा फक्त सुटलेली ओळ, दोनदा आलेलं वाक्य, मागचा गोंगाट एवढंच कळवतो. आपल्या माणसांनी श्रावणात पोथी कशी वाचली, हे त्या आवाजातच उरणार आहे.

सुरुवातीला एका मिनिटाची चाचणी फाइल मागतात. यूएसबी माइक घ्या, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फाइल १२८ केबीपीएसची एमपी३ लागते, ४४.१ किलोहर्ट्झवर. भाचा ते बसवून देईल. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहाटेच बसा. टेबलावर गोधडी घाला, आवाज घुमत नाही. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, आणि नवरात्रात बाहेर गोंगाट असतो, तेव्हा रेकॉर्डिंगचा नादच सोडा. वाचण्यापेक्षा नंतर चुका काढायला जास्त वेळ जातो, आणि ‘पांडवप्रताप’चे अध्याय ६४ आहेत. एकटीने घेऊ नका. भजनी मंडळातल्या बायकांत वाटून घ्या; एकाच ग्रंथाचे अध्याय वेगवेगळ्यांनी वाचणं तिथे नेहमीचं आहे. आधी हात बसवायचा असेल तर ‘शिवलीलामृत’चा एखादा अध्याय वाचून पाहा.

प्रश्न : आम्ही फुकट वाचायचं आणि उद्या कोणी ते विकलं तर?
– एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : विकू शकतो. आपलं रेकॉर्डिंग आपण सार्वजनिक मालकीचं करतो, आणि तसं प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात सांगतोही. नंतर नाव लावायचा किंवा पैसे मागायचा आग्रह धरता येत नाही. मला हे पटलेलं आहे: विकणारा विकेल, पण फुकटची प्रत जागेवरच राहते आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो ती घेतो. तुम्हाला पटत नसेल तर घरच्यांसाठी रेकॉर्ड करून फोनवर ठेवा, त्यात काहीच वावगं नाही. फक्त आधी ठरवा, कारण एकदा दिलेलं परत घेता येत नाही.