घोगरा, भसाडा की कर्कश?

बेळगावजवळच्या खानापूरहून प्रश्न आलाय: कथेत दिवसभर ओरडून भाजी विकणारी बाई, १४ वर्षांचा मुलगा आणि भांडखोर शेजारीण आहे. तिघांच्याही आवाजाला 'कर्कश' म्हटलं तर चालेल का?

नाही. 'कर्कश' मूळचा स्पर्शाचा शब्द. संस्कृतात अर्थ खडबडीत, कठीण. मराठीत आवाजाला लागला की तो वरच्या पट्टीतला, कानात घुसणारा होतो. शिट्टी कर्कश असते, ढोल नसतो. तेव्हा हा शब्द शेजारणीला द्या. आवाज बारीक असेल तर 'किनरा'.

भाजीवालीचा घसा बसलाय, म्हणून 'घोगरा'. पट्टी खालची, आवाजात हवा मिसळलेली; सर्दी, जागरण, ओरडणं ही नेहमीची कारणं. बरेच जण इथं 'भसाडा' लिहितात. पण भसाडा म्हणजे मोठा, जाड आणि बेसूर. "घोगऱ्या आवाजात कुजबुजली" चालतं, "भसाड्या आवाजात कुजबुजली" हसू आणतं. शिवाय घोगरेपणा चार दिवसांत जातो, भसाडेपणा सहसा माणसासोबत राहतो.

मुलाचा आवाज फुटतोय. त्याला विशेषण नको, क्रियापद द्या: "बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला." 'चिरका' म्हटलं की तो कायमचा तसाच वाटतो.

बेळगावकडे कानावर कन्नडही असतंच. तिथं 'दनी' म्हणजे आवाज: 'गोग्गरु दनी' म्हणजे आपला घोगरा, 'कीरलु दनी' किनऱ्याजवळचा, 'ओडकु दनी' फुटका. पण 'गंटलु कट्टिदे'वरून "घसा बांधला" असं मराठीत आणू नका (पात्रच तसं बोलत असेल तर गोष्ट वेगळी). मराठीत घसा बसतो किंवा धरतो.

'खर्जातला' हा शब्दही या यादीत घुसवू नये. खर्ज षड्जावरून, म्हणजे 'सा' या स्वरावरून आलेला. तो फक्त खालची पट्टी सांगतो, खरखर नाही. हुबळीच्या शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या दुखण्यावरील उपचारानंतर जाड झाला, तरी त्याला भसाडा म्हणणारा कान तपासून घ्यावा. तो भरदार.

'कर्कश' कुठल्याही लिंगवचनात बदलत नाही: कर्कश हाक, कर्कश हाका. 'घोगरा' मात्र बदलतो, आणि सामान्यरूप 'घोगऱ्या' असं लिहायचं. 'घोगर्या' लिहिलंत तर ते 'आर्या'सारखं वाचलं जाईल.